लालबुड्या आणि शिपाई

बोईसर, तारापूर, चिंचणी, पालघर या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला बुलबुल शोधावा लागत नाही. वसाहतीतल्या जास्वंदीवर, वाडीच्या कुंपणावर, रस्त्याकडेच्या विजेच्या तारेवर तो असतोच. पण ‘आज बुलबुल दिसला’ असं कुणी म्हणालं की मी पुढचा प्रश्न विचारतो: कोणता? कारण इथे दोन जाती अगदी शेजारी शेजारी नांदतात. एक लालबुड्या बुलबुल आणि दुसरा शिपाई बुलबुल. फळांनी लगडलेल्या उंबरावर दोघे एकाच वेळी दिसतात. आकार जवळपास सारखा, दोघांच्या डोक्यावर तुरा आणि दोघांच्याही शेपटीच्या बुडाशी लाल रंग. या शेवटच्या खुणेमुळेच अनेकांची फसगत होते. नावात ‘लालबुड्या’ आहे, तेव्हा बुडाशी लाल दिसलं की पक्षी लालबुड्या, असा हिशेब केला जातो. शिपायाचं बूडही लालच असतं.

म्हणून बूड सोडून डोक्याकडे पाहावं. लालबुड्याचं डोकं काळं, तुरा आखूड आणि बोथट. चिडला किंवा बिचकला की तो उभा राहतो, एरवी बसकाच असतो. अंग धुरकट तपकिरी, आणि पाठीवरच्या व छातीवरच्या पिसांच्या कडा फिकट असल्यामुळे जवळून पाहिलं तर अंगभर खवल्यांची नक्षी दिसते. शिपायाचा तुरा उंच, काळा, टोकदार. त्याचा गाल पांढरा, गालाच्या खालच्या बाजूने एक बारीक काळी रेघ, आणि डोळ्यामागे लाल पिसांचा छोटा झुबका. पोट पांढरं, आणि छातीच्या दोन्ही बाजूंनी गडद तपकिरी पट्टा पुढे येतो. आपल्या भागातल्या शिपायात हा पट्टा मध्ये जवळजवळ जुळलेला दिसतो.

लाल झुबका हीसुद्धा दर वेळी कामी येणारी खूण नाही. पक्षी पाठमोरा असला किंवा सूर्य त्याच्या मागे असला तर लाल काळाच वाटतो. अशा वेळी पक्षी उडेपर्यंत थांबावं. लालबुड्या उडाला की पाठीच्या शेवटी, शेपटीच्या मुळाशी, पांढरा भाग लख्ख उघडा पडतो आणि काळसर शेपटीचं टोकही पांढरं दिसतं. पश्चिम भारतातल्या शिपायाच्या शेपटीला असं पांढरं टोक नसतं. त्याच्या इतर काही उपजातींत ते असतं. त्यामुळे परदेशी पुस्तकातलं चित्र समोर ठेवून केळव्याच्या वाडीत पक्षी ओळखायला बसलेला माणूस गोंधळून जातो. आपल्याकडे मात्र पांढऱ्या टोकाची शेपटी लांब जाताना दिसली, तर तो लालबुड्या, हे बिनधास्त म्हणावं.

मापात दोघांत फारसा फरक नाही. दोन्ही जाती चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे 20 सेंटीमीटर. वजन साधारण 25 ते 45 ग्रॅमच्या दरम्यान. दोन्हींत नर आणि मादी दिसायला सारखेच. दोन्हींच्या मानेमागे केसांसारखी अगदी बारीक पिसं असतात. हे साऱ्या बुलबुल कुळाचं लक्षण आहे, पण पक्षी हातात आल्याशिवाय ते नजरेला येत नाही. या कुळात दीडशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या मूळच्या आफ्रिका व आशिया या दोन खंडांतल्या. त्यांतही हे दोघे एकाच वंशातले, म्हणजे खरोखरच जवळच्या नात्यातले. शास्त्रीय भाषेत लालबुड्या म्हणजे पिक्नोनोटस कॅफर आणि शिपाई म्हणजे पिक्नोनोटस जोकोसस.

हे नातं सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सजीवांना नावं देण्याची पद्धत घालून देणारा स्वीडनचा कार्ल लिनियस याच्यापुढे हे दोन पक्षी वेगवेगळ्या वेळी आले. 1758 मध्ये त्याने शिपाई बुलबुलाला खाटीक पक्ष्यांच्या वंशात घातलं. 1766 मध्ये लालबुड्याची पाळी आली तेव्हा त्याची रवानगी कस्तूर पक्ष्यांच्या वंशात झाली. आज आपण सख्खे मानतो ते दोघे अशा रीतीने दोन वेगळ्या घरांत गेले. लालबुड्याच्या बाबतीत आणखी एक चूक झाली. युरोपात पोहोचलेला त्याचा नमुना आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडून, केप ऑफ गुड होपहून आला असं समजलं गेलं आणि त्या प्रदेशावरून त्याला ‘कॅफर’ हे नाव पडलं. तो पक्षी तिथला नव्हताच. पुढे 1952 मध्ये एर्विन श्ट्रेझेमान या जर्मन पक्षीशास्त्रज्ञाने त्याचं मूळ ठिकाण पुदुच्चेरी असं ठरवलं. नाव मात्र नियमांप्रमाणे आधी दिलेलंच चालू राहिलं. अस्सल भारतीय पक्षी जगभरच्या कागदपत्रांत आजही आफ्रिकेचा पत्ता वागवतो आहे.

पालघरच्या जमिनीकडे वळलं की या दोघांतला खरा फरक समजू लागतो. हा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून वेगळा झाला. समुद्राकडून डोंगराकडे जाताना इथली जमीन पट्ट्यापट्ट्यांनी बदलते. आधी पुळण आणि सुरूची बनं. त्यामागे नारळ, सुपारी, केळी आणि पानवेलींच्या वाड्या. मग खाड्या, खाजणं, मिठागरं. त्यापुढे भातखाचरं, गवताळ माळ, ताड आणि शिंदी. रेल्वे ओलांडली की काळदुर्ग, वाघोबा खिंड, मनोर, अशेरीगड अशी डोंगरांची रांग आणि तिच्यावरचं पानगळीचं जंगल. पाऊस 2000 मिलिमीटरच्या आगेमागे, पण सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने जमीन वाळत जाते. एवढ्या लहान पल्ल्यात ओली सावली आणि रखरखीत माळ दोन्ही सापडतात, म्हणून दोन बुलबुलांची तुलना करायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

लालबुड्या या सगळ्या पट्ट्यांत आढळतो. तारापूर औद्योगिक वसाहतीत कारखान्याच्या भिंतीलगत आपोआप उगवलेल्या सुबाभळीवर तो असतो, बोरी-बाभळीच्या काटेरी रानात असतो, घाणेरीच्या जाळीत असतो, भाताच्या बांधावर असतो आणि मनोरच्या जंगलाच्या कडेलाही असतो. त्याला एखादं झुडूप, थोडी फळं, थोडे किडे आणि जवळपास पाणी एवढं मिळालं की पुरतं. शिपायाची मागणी थोडी जास्त आहे. त्याला ओलावा आणि सावली लागते, खाली दाट झुडूप आणि वर बसून गायला उंच शेंडा लागतो. चिंचणी-तारापूरच्या आणि केळवे-माहीमच्या वाड्यांत हे सगळं एकत्र मिळतं. तिथे सकाळी नारळाच्या किंवा आंब्याच्या शेंड्यावर बसून ओरडणारा शिपाई हमखास भेटतो. झाडं जुनी आणि मोठी झालेल्या निवासी वसाहतींतही तो आहे. वाघोबा खिंडीच्या झाडीत आहे. पण वाडी संपून उघडा माळ सुरू झाला की तो मागे राहतो आणि लालबुड्या पुढे चालू लागतो.

राज्याच्या नकाशावरही हेच चित्र मोठं होऊन दिसतं. माथेरान, महाबळेश्वरसारख्या ओल्या, झाडीभरल्या डोंगरांवर शिपायाचा आवाज दिवसभर कानावर पडतो. घाट उतरून पूर्वेकडे कोरड्या पठारावर गेलं की तो विरळ होत जातो आणि लालबुड्या मात्र गावोगावी, बोरीबाभळीवर कायम राहतो. 1934 मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ गॉझ यांनी मांडलं की ज्या दोन जातींच्या गरजा तंतोतंत सारख्या आहेत त्या एका जागी कायमच्या एकत्र टिकत नाहीत. एकीला दुसरी हटवते. पालघरमध्ये दोन्ही बुलबुल टिकून आहेत याचं कारण त्यांच्या गरजा वरवर सारख्या दिसल्या तरी तंतोतंत सारख्या नाहीत. फळांच्या हंगामात उंबरावर ते एकत्र येतात, घरटी बांधायला आणि रोजच्या वावराला ज्याच्या त्याच्या जागी परत जातात.

यावरून मी एक गोष्ट ठामपणे म्हणतो. एखाद्या गृहसंकुलाच्या आवारात बुलबुल आहेत म्हणून ‘आमच्याकडे पक्षी भरपूर’ असं समाधान मानू नये. त्यांत शिपाई किती, हे पाहावं. पूर्वी दोन्ही येत होते आणि आता लालबुड्याच उरला असेल, तर बहुतेक वेळा मधल्या उंचीची झाडोरी गेलेली असते. मोठी झाडं वाचवली जातात, हिरवळ लावली जाते, पण त्या दोहोंमधला करवंद, मेंदी, अडुळसा, कुडा असा कमरेपासून डोक्यापर्यंतचा थर ‘साफसफाई’त निघून जातो. बोईसर गेल्या काही दशकांत फार वेगाने वाढलं आहे आणि वाढत्या गावात हा थर सगळ्यांत आधी जातो, कारण त्याला कुणी झाड म्हणून मोजत नाही.

खाडीच्या बाजूला या कथेत तिसरा भाऊबंदही येतो. तिवरांच्या कडेला, मिठागरांच्या बांधांवर, पिलूच्या झुडपांत पांढऱ्या गालाचा एक बुलबुल दिसतो. त्याचं डोकं काळं, त्यावर डोळ्यात भरावा असा तुरा नाही, गालावर मोठा पांढरा डाग आणि बूड पिवळं. हा मूळचा वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशाचा, सिंध-राजस्थान-गुजरातचा रहिवासी. किनाऱ्याच्या खाऱ्या झुडपांच्या आधाराने तो दक्षिणेकडे मुंबईच्या खाड्यांपर्यंत सापडतो. खारी जमीन आणि काटेरी झुडूप ही त्याची जागा, आणि तिथे तो लालबुड्याच्याच शेजारी राहतो. शिपाई आणि हा पांढऱ्या गालाचा मात्र एका फांदीवर क्वचितच दिसतात, कारण एकाला ओली सावली हवी आणि दुसऱ्याचं कोरड्या खाऱ्या जागेत भागतं. लालबुड्या दोघांचाही शेजारी आहे. त्याचा स्वभावच तसा.

आवाजाने ओळखणं डोळ्यांनी ओळखण्यापेक्षा सोपं आहे, सवय मात्र व्हायला हवी. लालबुड्याचा स्वर जाडसर, तुटक आणि आनंदी. दोन-तीन स्वर तो तेच तेच म्हणत राहतो. शिपायाचा स्वर जास्त मोकळा, गोड आणि वरखाली होणारा. माझ्या कानाला तो ‘पि-टी-ग्रूऽ’ असा ऐकू येतो, आणि शेवटचा स्वर किंचित लांबतो. शिपाई दिसण्याआधी ऐकू येतो, लालबुड्या बहुधा आधी दिसतो. धोक्याची सूचना देण्यात मात्र लालबुड्याचा हात कुणी धरू शकत नाही. साप, मांजर, पिंगळा किंवा शिकरा दिसला की तो कर्कश कलकलाट सुरू करतो आणि आजूबाजूचे इतर जातींचे पक्षीही त्या आवाजावर विश्वास ठेवून सावध होतात. झुडपाभोवती लालबुड्यांचा असा गलका चालू असेल तर तिथे हात घालण्याआधी खाली नीट पाहावं.

दोघांचं जेवण सारखंच: फळं, मध, पाकळ्या, कोवळे कोंब, किडे. लालबुड्याने घरातली पाल पकडल्याच्याही नोंदी आहेत. फळांचं महत्त्व नुसत्या चवीपुरतं नाही, हे कोलकात्यात सिद्ध झालं. जीवरसायनशास्त्रज्ञ बी. सी. गुहा आणि त्यांचे सहकारी आर. एन. रॉय यांनी 1958 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं की लालबुड्या बुलबुलाला आपल्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ‘क’ जीवनसत्त्व नसलेल्या आहारावर ठेवल्यावर त्याला स्कर्व्ही झाला. बहुतेक सस्तन प्राणी हे जीवनसत्त्व यकृतात बनवतात, अनेक पक्षी मूत्रपिंडात बनवतात, पण माणसाप्रमाणेच बुलबुलालाही ते खाण्यातूनच मिळवावं लागतं. करवंद, आवळा, उंबर, बोर यांच्यामागे तो का लागलेला असतो, याचं एक उत्तर या प्रयोगात आहे.

वाणगाव परिसरातल्या मिरचीच्या शेतात पिकलेली लाल मिरची खाणारा बुलबुल पाहून नवख्या माणसाला नवल वाटतं. पक्ष्यांना मिरचीचा जाळ लागत नाही. ज्या रसायनामुळे आपली जीभ पेटते ते पक्ष्यांच्या मज्जातंतूंना जाणवत नाही. मिरचीच्या झाडाच्या दृष्टीने हा फायद्याचा सौदा. उंदीर-खार तिखटामुळे दूर राहतात, बी चावून फोडत नाहीत. पक्षी मिरची खातो आणि बी न चावता दूर नेऊन टाकतो.

फळ गिळल्यावर बुलबुलाच्या पोटातून बी बाहेर यायला फार वेळ लागत नाही, बहुधा तासाभराच्या आतच ती विष्ठेतून पडते. तेवढ्यात पक्षी कुठल्या तरी कुंपणावर किंवा तारेवर गेलेला असतो. तारांच्या आणि कुंपणांच्या ओळीने करवंद, घाणेरी, तोंडली, बोर उगवलेली दिसतात, ती लावणारे बऱ्याच अंशी हेच दोघे. जंगलाच्या कडेला उजाड झालेली जमीन पुन्हा झुडपांनी भरते त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. घाणेरी मात्र बाहेरून आलेलं तण आहे आणि तिच्या काळ्या फळांवर दोन्ही बुलबुल तुटून पडतात, त्यामुळे तीही तेवढ्याच जोमाने पसरते. बुलबुल चांगलं झाड आणि वाईट झाड असा भेद करत नाही. आपण कोणती फळझाडं राखली आहेत त्यावर तो काय पेरेल हे ठरतं.

घोलवड-डहाणूच्या चिकूच्या बागायतदारांची बुलबुलांबद्दल तक्रार असते आणि ती खोटी नाही. पिकून मऊ झालेल्या चिकूला ते चोच मारतात. पण चिकू तयार झाला की तो कडक असतानाच उतरवतात आणि नंतर पिकवतात. झाडावरच पिकलेलं फळ म्हणजे बहुधा काढणीत राहून गेलेलं फळ. बुलबुलाचा हात तिथेच पोहोचतो. कडक फळ फोडण्याची ताकद त्याच्या चोचीत नाही. आणि पिल्लं वाढवण्याच्या दिवसांत दोन्ही जातींची जोडपी सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच बागेतून अळ्या वेचून नेत असतात. माझ्या मते हिशेब बागेच्या बाजूनेच उरतो.

दोघांच्या स्वभावातला फरक सगळ्यांत स्पष्ट दिसला तो इथून हजारो किलोमीटर दूर, हवाईच्या ओआहू बेटावर. पिंजऱ्यातून सुटलेले शिपाई बुलबुल तिथे 1965 मध्ये आणि लालबुड्या 1966 मध्ये मोकळे दिसले. जवळजवळ एकाच वेळी, एकाच बेटावर, दोघांनाही नवी जागा. लालबुड्या काही वर्षांत बेटाच्या बहुतेक भागांत पोहोचला, कोरड्या किनाऱ्यांपासून डोंगरांपर्यंत. शिपाई दीर्घकाळ होनोलुलूच्या आसपासच्या दऱ्याखोऱ्यांतच राहिला आणि फार सावकाश सरकत गेला. बोईसरच्या माळावर आणि चिंचणीच्या वाडीत जे दिसतं तेच तिथे मोठ्या प्रमाणावर घडलं.

त्याच बेटावर दोघांनी मिळून आणखी एक गोष्ट घडवली. आपल्याकडची रुई तिथे शोभेसाठी लावलेली आहे आणि तिच्यावर मोनार्क नावाचं नारिंगी फुलपाखरू वाढतं. रुईच्या चिकातलं विष अंगात साठत असल्यामुळे बहुतेक पक्षी अशा फुलपाखरांच्या वाटेला जात नाहीत. बुलबुलांनी त्यांच्या अळ्या आणि बसलेली फुलपाखरं खायला सुरुवात केली. त्यानंतर मोनार्कचा एक दुर्मिळ पांढरा प्रकार ओआहूवर वाढू लागला. नारिंगी रंग बुलबुलांच्या नजरेत लवकर भरतो आणि पांढरा वाचतो, असं अभ्यासकांनी त्याचं स्पष्टीकरण दिलं आहे.

लालबुड्या फिजीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोहोचला. तिथे ऊसमळ्यांवर गेलेल्या भारतीय गिरमिटी मजुरांबरोबर तो गेला असं मानलं जातं. पुढे टोंगा, सामोआ, ताहिती, न्यू कॅलेडोनिया अशी प्रशांत महासागरातली बेटं त्याने व्यापली. ताहितीत मिकोनिया नावाचं घातक तण पसरवण्यात त्याचा हात आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या जगातल्या 100 सर्वांत त्रासदायक परक्या जातींच्या यादीत पक्षी तीनच आहेत: साळुंकी, युरोपातली भोरडी आणि आपला लालबुड्या. शिपाईही मॉरिशस, रियुनियन, ऑस्ट्रेलिया आणि फ्लोरिडात रुजला आहे. मॉरिशसला तो 1892 मध्ये नेला गेला आणि तिथे त्यानेही तणांच्या बिया पसरवल्या. पण त्या यादीत त्याचं नाव नाही. आपल्या अंगणात निरुपद्रवी असलेला पक्षी परक्या बेटावर उपद्रवी ठरतो, कारण तिथे त्याला अडवणारे शत्रू, रोग आणि स्पर्धक कमी असतात आणि तिथल्या झाडांना त्याची सवय नसते.

पिंजऱ्याशी दोघांचंही नातं जुनं आणि दुःखद आहे. लालबुड्याला झुंजीसाठी पाळत. आसाममध्ये हाजो इथल्या हयग्रीव माधव मंदिरात माघ बिहूला बुलबुलांच्या झुंजी लावण्याची प्रथा अलीकडेपर्यंत न्यायालयात गाजत राहिली. शिपायाला त्याच्या गळ्यासाठी पकडतात. दक्षिण थायलंडमध्ये त्याच्या गाण्याच्या स्पर्धा होतात आणि त्या भागात रानातून तो फार कमी झाला आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दोन्ही जातींना पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे.

उन्हाळा सुरू झाला की दोघांची घरट्यांची लगबग दिसू लागते आणि ती पावसाळ्यातही चालू राहते. घरटं म्हणजे काटक्या, मुळं आणि गवताची उथळ वाटी. लालबुड्याचं घरटं साधारण दोन-तीन मीटर उंचीवर झुडपात असतं, पण जागेबाबत तो भलताच धीट आहे. माणसांची ये-जा असलेल्या व्हरांड्यात, दिव्याच्या कोनाड्यात, एका नोंदीप्रमाणे रोज धावणाऱ्या बसमध्येही त्याच्या जोडप्याने घरटं केलं होतं. काटक्यांबरोबर कधी धातूची तारही तो गुंफतो. शिपाई जास्त सावध, पण घरट्याला बाहेरून सालीचे तुकडे, कागद, प्लास्टिकच्या पट्ट्या लावायची त्याला आवड. दोन्हींची अंडी बहुधा दोन किंवा तीन, फिकट गुलाबीसर, लाल-जांभळ्या ठिपक्यांची, आणि ठिपके रुंद टोकाकडे दाट. पिल्लं सुमारे दोन आठवड्यांत बाहेर पडतात. घरट्याजवळ शत्रू आला तर शिपाई जखमी झाल्याचं सोंग घेऊन त्याला दूर नेतो. भारद्वाज आणि कावळे अंडी-पिल्लं पळवतात. घरटी मोडण्याची ती मोठी कारणं. त्यात जोरदार पाऊस आणि माळाला लागणारे वणवे यांची भर पडते.

पहिल्या पावसाबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो. कवितेत तो थेंबाची वाट पाहतो, प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या घरट्याची वाट पाहत असतो. त्याची मादी मुख्यतः सातभाईंच्या घरट्यांत अंडी घालते, पण लालबुड्या बुलबुलाच्या घरट्यातही चातकाची अंडी सापडली आहेत. पावसाळ्यात घरटं करणाऱ्या लालबुड्याला भारद्वाजाबरोबर या पाहुण्याकडेही लक्ष ठेवावं लागतं.

म्हणून कुंपणाची छाटणी मेमध्ये करण्याची आपली पद्धत मला पटत नाही. पावसाआधी आवार नीट करायचं म्हणून मेंदी आणि करवंदाच्या कुंपणांवर कात्री चालते, आणि नेमकी तेव्हाच त्यांत घरटी असतात. तेच काम पाऊस संपून घरटी रिकामी झाल्यावर केलं तर कुणाचंच काही अडत नाही.

जून-जुलैत वाड्यांत आणखी एक कोडं पडतं. तुरा आहे, गाल पांढरा आहे, पण लाल झुबका नाही आणि बूड लाल नसून फिकट नारिंगी, असा बुलबुल दिसतो. ते शिपायाचं पिल्लू असतं. त्याच्या गालावर लाल पिसं नंतर येतात. बुलबुलांची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात आणि काही दिवस झुडपांच्या तळाशी बसून राहतात. असं पिल्लू सापडलं की लोक ते टाकून दिलेलं समजून घरी नेतात आणि दूध-पाव भरवतात. त्याला जवळच्या दाट झुडपात ठेवावं, मांजर दूर ठेवावं आणि आपण मागे सरकावं. आईबाप जवळच असतात. माणूस लांब गेला की चोचीत अळी घेऊन येतात, आणि येणाऱ्या पक्ष्याच्या डोक्यावरचा तुरा पाहून पिल्लू कोणत्या जातीचं तेही लगेच कळतं.